हातगुण आणि दुहेरी अंधत्व

मराठीत ‘गुण येणे’ असा एक वाक्प्रयोग आहे. औषधाने गुण आला, असे आपण म्हणतो. आणि अमक्या वैद्यांच्या हाताला गुण आहे, असेही म्हणतो. पहिल्या वाक्यातला गुण औषधाचा आहे, दुसऱ्यातला ते देणाऱ्या हाताचा. भाषेने हे दोन्ही एकाच शब्दात नांदवले, शिवाय ‘हातगुण’ असा जोडशब्दही करून ठेवला. गेल्या पाऊणशे वर्षांत वैद्यकीय संशोधनाने जी खटपट केली तिचा मोठा भाग या दोन गुणांची फारकत करण्यात गेला आहे. औषध घेणाऱ्याला ते कोणते हे ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही, अशी ही मांडणी. तिला ‘दुहेरी अंध’ चाचणी म्हणतात. हाताचा गुण वजा करून औषधाचा किती उरतो, हे तिला पाहायचे असते.

साहित्याच्या अध्यापकाने या विषयात तोंड घालण्याचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण दोन आहेत. एक म्हणजे संधिवाताच्या उपचारांवरचे संशोधन जितके रुग्णाच्या शब्दांवर अवलंबून आहे तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या आजाराचे असेल. मधुमेहात रक्तातली साखर बोलते, क्षयात थुंकीतले जंतू बोलतात. सांधेदुखीत बोलावे लागते ते दुखणाऱ्यालाच. दुसरे कारण भूगोलाचे आहे. गोंदिया जिल्ह्यात आषाढ-श्रावणात बांधीबांधीतून कंबरेत वाकून, गुडघाभर चिखलात मागे मागे सरत रोवणी करणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ‘सांधे’ हा शब्द निव्वळ शरीरशास्त्राचा वाटत नाही.

आधी हातगुणाचे पाहू. संधिवाताचे बहुतेक प्रकार चढउताराचे असतात. कधी सांधे सुजतात, रात्र रात्र झोप नाही. मग काही दिवसांनी आपसूक उतार पडतो. माणूस उपचाराला जातो तो दुखण्याच्या ऐन भरात. त्यानंतर काहीही केले, मंतरलेले पाणी प्यायले तरी, चार-सहा आठवड्यांत थोडा उतार पडण्याचा संभव असतोच. ज्याने त्या काळात हात लावला, गुण त्याच्या नावावर जमा होतो. म्हणून ‘माझ्या मावशीला गुण आला’ ही साक्ष खोटी नसूनही निरुपयोगी ठरू शकते. हे मान्य करणे आम्हा साहित्यवाल्यांना जड जाते. एका माणसाची एक गोष्ट नीट सांगितली की तीत सत्य सापडते, ही आमची धारणा. चाचणी म्हणते, गोष्ट खरी असेलही, पण तिच्यावरून पुढच्या माणसाला औषध देता येणार नाही.

कॉर्टिसोनची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ते एका आमवाताच्या स्त्रीरुग्णाला दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत हिंडू-फिरू लागली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेंच यांना केंडल आणि राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. चमत्काराला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते? पण १९५४ साली ब्रिटनमध्ये नुकत्याच सुरू झालेल्या आमवातात कॉर्टिसोनची तुलना साध्या ॲस्पिरिनशी केली गेली, तेव्हा दोन्हींत सांगण्याजोगा फरक दिसला नाही. दरम्यान कॉर्टिसोनचे दुष्परिणामही समोर येत गेले होते: सुजलेला चेहरा, ठिसूळ होणारी हाडे, वाढणारी साखर. गावोगावी ‘वातावरची जालीम पुडी’ म्हणून जे काही विकले जाते त्यातून स्टिरॉइड निघाल्याचे प्रकार आजही उघडकीस येतात. पुडी घेतली की तिसऱ्या दिवशी बाई उठून कामाला लागते. हेंचच्या रुग्णासारखीच.

आता आपल्या घरचे उदाहरण. पुण्याच्या ‘सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेस’ या संस्थेने आणि तिचे प्रमुख डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने अनेक देशांत राबवल्या गेलेल्या एका उपक्रमाचा तो भाग होता. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून, सुमारे चार हजार प्रौढांना प्रश्न विचारले गेले. त्यांतल्या १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना हाडे-स्नायू-सांधे यांचे काही ना काही दुखणे होते. हातापायांचे सांधे वाकडे करणारा खरा आमवात मात्र दोनशेत एकाला, म्हणजे अर्धा टक्का. गावात जाऊन, गावच्या माणसाने, गावच्या भाषेत विचारल्याशिवाय हे आकडे हाती आले नसते.

याच गटाने आयुर्वेदाच्या औषधांनाही दुहेरी अंध चाचणीच्या कसोटीवर घासून पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आमवाताचे १८२ रुग्ण होते. निम्म्यांना अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचे मिश्रण आणि बाकीच्यांना तसेच दिसणारे छद्म औषध, असे १६ आठवडे दिले गेले. निकाल मोठा मासलेवाईक आहे. औषध घेणाऱ्यांना बरे वाटले; छद्म औषध घेणाऱ्यांनाही बरे वाटले, आणि इतके वाटले की बहुतेक मापांवर औषधाची सरशी ठामपणे सिद्ध होऊ शकली नाही. सूज कमी होण्यासारख्या एकदोन गोष्टींतच काय तो फरक उठून दिसला. हातगुण म्हणतात तो हाच! तपासणे, विचारपूस करणे, ठरल्या दिवशी पुन्हा बोलावणे यांतूनही दुखणे हलके होते. आयुर्वेदाचा अभिमान सांगणाऱ्यांना हा निकाल आवडला नाही आणि आयुर्वेदाची टवाळी करणाऱ्यांनीही तो नीट वाचला नाही. तो प्रसिद्ध केला गेला, यात मला संशोधकांचा खरा प्रामाणिकपणा दिसतो.

पुढे २०१३ मध्ये गुडघ्याच्या झिजेवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या योजनेतून ती झाली होती. ४४० रुग्ण, २४ आठवडे. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांपासून केलेली औषधे एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. वेदना कमी करण्यात वनस्पतींची औषधे त्यांच्या तोडीस तोड ठरली. पण ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एक घटक अनपेक्षितपणे वाढला. औषध थांबवल्यावर तो पूर्ववत झाला. संशोधकांनी हेही लिहिले आणि सुरक्षिततेची आणखी तपासणी हवी, असे सांगितले. सालईची झाडे विदर्भाच्या जंगलांत आहेत, गुळवेल कुंपणावर चढलेली असते. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य या एका नोंदीपुढे टिकत नाही.

इथपर्यंत मी चाचणीचा वकील आहे. यापुढे तक्रार आहे, आणि ती भाषेची आहे.

आमवाताचे औषध लागू पडले की नाही, हे ठरवण्यासाठी १९९५ पासून जगभर एक माप वापरले जाते. त्यात सात गोष्टी मोजतात. दाबल्यावर दुखणारे सांधे किती आणि सुजलेले सांधे किती, या पहिल्या दोन. उरलेल्या पाचांत रक्ताची एक तपासणी आणि डॉक्टरांचे मत. बाकी तीन थेट रुग्णाच्या तोंडून: दुखते किती, एकूण कसे वाटते, रोजची कोणती कामे जमतात. ‘दाबल्यावर दुखते’ हेदेखील रुग्णच सांगणार. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या औषधाचे भवितव्य अखेर एका प्रश्नावलीवर आणि तिच्या भाषांतरावर येऊन ठेपते.

कामांविषयीची सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली १९८० साली स्टॅनफर्डमध्ये तयार झाली. न्हाणीतल्या टबात उतरता येते का, मोटारीचे दार उघडता येते का, दुधाचा नवा खोका फोडता येतो का, मांस कापता येते का, अशा स्वरूपाचे तिचे प्रश्न. सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या शेतमजूर बाईला हे शब्दशः मराठीत विचारले तर ती काय सांगेल? टब तिने पाहिलेला नाही, म्हणून ‘नाही’. आणि चाचणीच्या वहीत ती संपूर्ण अपंग ठरेल! भारतीय संशोधकांच्या हे लक्षात आले नाही असे नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून २००२ च्या सुमारास भारतीय रूप आले, त्यात उकिडवे बसणे आणि मांडी घालणे आले. पुण्याच्या केंद्रानेही गुडघ्याच्या प्रश्नावलीला आपल्या चालीरीतींप्रमाणे वळण दिले. पण ‘भारतीय’ म्हणजे तरी कोण? पऱ्हे उपटून त्याच्या पेंढ्या बांधता येतात का, हा प्रश्न इंदापूरच्या उसात निरर्थक आहे आणि गोंदियाच्या धानात जीवनमरणाचा. तेंदूपत्ता तोडताना बोटांची चिमूट बसते की नाही, हे उन्हाळ्यातल्या मिळकतीशी बांधलेले आहे. अशा कामांची यादी करायला डॉक्टर लागत नाही. गाव ठाऊक असलेला, कान शाबूत असलेला माणूस लागतो.

दुखण्याच्या मोजमापाचेही तसेच. शंभर मिलिमीटरची एक रेघ काढतात. डावे टोक म्हणजे दुखणे नाही, उजवे म्हणजे असह्य. रुग्णाने मध्ये कुठेतरी खूण करायची. ज्या हाताने आयुष्यात पेन धरलेला नाही त्याला ही रेघ दिली की तो बहुधा देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. पण आपल्या लोकांजवळ मापच नाही, असे थोडेच आहे? ‘रुपयातले बारा आणे दुखणे गेले, चार आणे उरले’ हे वाक्य खेड्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येईल. आणे चलनातून जाऊन साठ वर्षे उलटली, पण दुखण्याच्या हिशेबात ते अजून खणखणीत चालतात. सोळा घरांची ही मोजपट्टी अस्सल इथली आहे.

आणि शब्द! ठणका, कळ, चमक, शिणक, सल, अवघडणे, आखडणे, जखडणे. मराठीत प्रत्येकाची जागा वेगळी. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ ‘धरलेले’ असतात, हा आमवाताच्या निदानातला जुना प्रश्न. १९८७ च्या निकषांत निदान एक तास अशी अट होती. २०१० च्या निकषांतून ती वगळली गेली. वगळण्याची शास्त्रीय कारणे असतील. मला मात्र वाटते की घड्याळ न पाहता पहाटे चारला उठणाऱ्या बाईला ‘किती मिनिटे’ हे विचारणेच चूक होते. चहा उकळेपर्यंत, की अंगण झाडून होईपर्यंत, की शेताच्या वाटेवरही, असे विचारले असते तर ती बिनचूक सांगती.

यात झाडीपट्टीची आणखी एक अडचण आहे. इथे पुस्तकी मराठी ही अनेकांची घरची भाषा नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जिचा आयुष्यभर अभ्यास केला ती झाडीबोली, जिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो आणि डोळ्याचा ‘डोरा’, पोवार समाजाची पोवारी, देवरी-सालेकसाकडची गोंडी, बाजाराची हिंदी आणि सीमेवरची छत्तीसगढी. संधिवाताला इथे सर्रास ‘गठिया’ म्हणतात आणि ‘वात’ म्हटले की त्यात पोटातल्या वायूपासून झटक्यांपर्यंत काहीही येते. आयुर्वेदाने आमवात, वातरक्त आणि संधिगत वात यांत भेद केला; माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. लोकभाषेने ते सगळे एका ‘वातात’ मिसळून टाकले. पाहणी करणाऱ्याने ‘वात आहे का?’ असे विचारले तर होकार मिळेल, पण तो कशाला मिळाला हे कळणार नाही.

२००६ सालचा चिकुनगुनिया आठवा. विदर्भासह महाराष्ट्रात घरेच्या घरे आडवी झाली होती. १९७३ मध्ये बार्शीला येऊन गेलेला हा आजार तीन दशकांनी परतला. नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले, वाकवून टाकणारा अशा अर्थाचे. आपल्याकडे लोकांनी त्यात ‘चिकन’ ऐकले. त्याच वर्षी नवापूरला बर्ड फ्लू झाला होता, त्यामुळे कोंबडीवरचा संशय पक्का झाला. डास बिचारे सुटले. ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले आणि त्यावर क्लोरोक्विन द्यावे असा प्रघात पडला. तो योग्य का, याची चाचणी पुण्याच्याच गटाने केली. सत्तर रुग्ण, २४ आठवडे, क्लोरोक्विन विरुद्ध मेलॉक्सिकॅम. क्लोरोक्विन सरस ठरले नाही. २०१४ मध्ये हे छापून आले.

संमतीपत्राचा प्रश्न याहून टोकदार आहे. कायदा सांगतो की चाचणीची माहिती सहभागी माणसाला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत द्यावी. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार असावा. २०१९ च्या नियमावलीत हे आहे, आणि असुरक्षित गटातल्या व्यक्तींवर नव्या रसायनाची चाचणी असेल तर संमतीचे चित्रीकरणही आहे. कागदावर सारे ठाकठीक. पण माहितीपत्रकांतले मराठी कसे असते? ‘यादृच्छिकीकरण’, ‘प्रतिकूल घटना’, ‘अन्वेषक’. ‘यदृच्छया’ हा शब्द पदव्युत्तर वर्गातही समजावून सांगावा लागतो. ‘चिठ्ठ्या टाकून ठरवणार’ असे म्हटले तर काय बिघडते? तीच गोष्ट ‘प्रयोग’ या शब्दाची. झाडीपट्टीत प्रयोग म्हणजे दिवाळीनंतर रात्रभर चालणारे नाटक. पण ‘तुमच्यावर प्रयोग’ म्हटले की त्याच माणसाच्या पोटात गोळा उठतो. आणि तो उगाच उठत नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना लस देण्याचा जो अभ्यास झाला, त्यात वसतिगृहातल्या अनेक आदिवासी मुलींच्या वतीने संमतीवर सह्या वसतिगृहप्रमुखांनी केल्या होत्या. अभ्यास थांबवावा लागला, संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. आश्रमशाळा आमच्याही जिल्ह्यात आहेत.

शब्द चुकल्याने जीव जातो याचे उदाहरण हवे असेल तर ते मेथोट्रेक्झेटचे घ्यावे. आमवातावरचे हे आज मुख्य औषध. त्याच्या घडणीमागे भीमावरमहून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचे काम आहे. १९८५ च्या सुमारास झालेल्या नियंत्रित चाचण्यांनी त्याचे आमवातातले स्थान पक्के केले. स्वस्त, परिणामकारक, अट एकच, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रोज घेतले गेले तर रक्त तयार करणारी मज्जा कोलमडते, तोंडात फोड येतात, माणूस दगावतो. असे अपघात जगभर झाले आहेत, सुशिक्षित देशांतही. आमच्याकडे गोळी म्हणजे रोजची, दोन वेळांची. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेले ‘आठवड्याला एक’ औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत, तिथून घरी, घरून सुनेच्या हाती जाईपर्यंत किती वेळा भाषांतरित होते! ‘बाजाराच्या दिवशी एकदाच’ असे गावच्या आठवडी बाजाराचा वार घालून लिहिले तर ते कुणी विसरणार नाही.

गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही सांधे वाकडे होऊ लागलेला माणूस नागपूरची गाडी पकडतो, आणि संशोधनाच्या मोठ्या चाचण्या बहुधा महानगरांतच होतात. चाचणीत जे नव्हते त्यांच्यावर चाचणीचे निकाल लागू करायचे, हा व्यवहार किती न्याय्य, याचा विचार वैद्यकाने करावा. माझा प्रश्न मराठी विभागांना आहे. भाषांतर आपण शिकवतो ते कादंबरीचे आणि कवितेचे. बोलीविज्ञानाच्या पेपरात बोलींचे वर्गीकरण पाठ करून घेतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता संशोधन प्रकल्प आला आहे आणि त्यातून त्याच त्या लेखकांच्या ‘साहित्यातील स्त्रीचित्रण’ छापाचे प्रबंध निघू लागले आहेत. आमगावची किंवा अर्जुनीची एखादी विद्यार्थिनी, जिची आजी स्वतः रोवणीला जात होती, ती एक माहितीपत्रक घेऊन दहा घरी वाचून दाखवील, कुठला शब्द अडला याची नोंद करील, तिथे लोकांनी कोणता शब्द सुचवला ते लिहील, तर तो प्रकल्प कमी दर्जाचा का ठरावा?

‘हे साहित्य नव्हे’ असा आक्षेप अभ्यासमंडळात येईल, हे मी जाणून आहे. तो घेणाऱ्यांनी आधी एक माहितीपत्रक मोठ्याने वाचून पाहावे. सुरुवात फार मोठी करायची गरज नाही. पहिल्या वर्षी मेथोट्रेक्झेटचेच घ्यावे. एक पान, एक औषध, आणि बाजाराचा एक वार: पोवारीत, गोंडीत, झाडीबोलीत.